सत्तावीसचा बाप, तीसची पोरगी

माझ्या साडूला मोटारसायकलसाठी एक्केचाळीस एक्केचाळीस हा नंबर मिळाला, तेव्हा फोन करून त्याचं अभिनंदन करणारा पहिला माणूस मीच होतो. आकडाच तो. आकड्यात मनाला लावून घेण्यासारखं काय असतं, असं मला त्या वेळी वाटलं होतं. पण आठवडाभरात अकोल्याच्या एका पेंटरने त्या पाटीवर हात फिरवला. चाराला कंबरेत जरा वाकवून खाली शेपूट सोडली, एकाला काना केला, वरून एक लांब रेघ ओढली, आणि एक्केचाळीस एक्केचाळीसचा झाला ‘दादा’. काळ्या पाटीवर पिवळ्या रंगात.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या लहान बहिणीचा नवरा. माझ्यापेक्षा वयाने लहान, सासरच्या घरात माझ्यानंतर आलेला. थोरला जावई मी. आमच्याकडे थोरल्या जावयाला पाट, लोटा आणि पहिलं ताट मिळतं, ते मला मिळतही होतं. पण ती पाटी रंगली आणि अकोल्यात त्याची सारी गल्ली त्याला दादा म्हणू लागली. गल्लीचं मी मनावर घेतलं नाही. मग त्याची सासू, म्हणजे माझीही सासू, त्याला दादा म्हणायला लागली. मग माझी बायको. आणि शेवटी माझी एकुलती एक पोरगी, जी तेव्हा फ्रॉक घालायची, ती त्याला ‘दादामावसाजी’ म्हणू लागली. मला आपले सगळे ‘भाऊजी’ म्हणत. भाऊजी कोणीही असतो हो. बायकोला बहीण असली की माणूस आपोआप भाऊजी होतो, त्यात कर्तृत्व काही नाही.

मीसुद्धा माझी पाटी घेऊन पेंटरकडे गेलो होतो, हे घरात कोणाला माहीत नाही. अमरावतीतला पेंटर होता, तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा. त्याने माझा नंबर सरळ पाहिला, मान वाकडी करून पाहिला, मग उठून दोन पावलं मागं जाऊन पाहिला.

“काही निघते का याच्यातून?” मी विचारलं.

“नाई भाऊ,” तो म्हणाला. “याच्यात अक्षर नाई. हा नुसता नंबर हाय.”

नुसता नंबर घेऊन मी घरी आलो.

आता मी गाडी कशी चालवतो तेही सांगून टाकतो, नाहीतर बायको सांगेल. चाळीसच्या वर माझा काटा गेल्याचं कोणी पाहिलेलं नाही. बडनेरा रोडवर सायकलवाले मला वाट विचारतात आणि उत्तर मिळेपर्यंत माझ्या बरोबरीने चालतात. असं असूनही चौकाचौकात कॅमेरे लागले तेव्हापासून मला दोन चालानं आली. एक, सिग्नलला माझं पुढचं चाक पांढऱ्या पट्ट्यावर टेकलं म्हणून. दुसरं, हेल्मेट डोक्यावर होतं पण पट्टा लावलेला नव्हता म्हणून. त्या दुसऱ्या फोटोत माझा चेहरा इतका स्पष्ट आला होता की लग्नातसुद्धा इतका आला नव्हता.

आणि साडू? तो अकोला-अमरावती अशी गाडी हाणायचा की मूर्तिजापूरला चहा प्यायला थांबला तर चहावाला विचारे, आज उशीर झाला का. त्याला एक चालान नाही. कारण कॅमेऱ्याला दादा वाचता येत नव्हतं. कॅमेरा आकडे शोधायचा आणि त्याला दिसायचं पिवळं मराठी. संगणकाने हात टेकले असतील. माणसाचा हेवा माणूस करतो ते समजू शकतं, पण सरकारी यंत्रानेही त्याला सूट द्यावी आणि मला धरावं, हे माझ्या जिवाला फार लागलं.

आमच्या ऑफिसजवळच्या पानठेल्यावर या विषयावर रोज संध्याकाळी चर्चा चालायची. जमणारे सारे मोटारसायकलवाले. एकाचं म्हणणं, “कॅमेऱ्याले आपला वेग दिसते, पन रस्त्यावरचा खड्डा नाई दिसत. त्याचा फोटो काढ न लेका एखादा!” दुसरा म्हणायचा, “मामा परवडला बाप्पा. मामासंग बोलता त येते. सासू दवाखान्यात हाय म्हनलं की सोडते. कॅमेऱ्याले काय सांगता?” मामा म्हणजे वाहतूक पोलीस. एक जण पाटीच्या नेमक्या शेवटच्या आकड्यावर लिंबू-मिरची बांधायचा आणि नजर लागू नये म्हणून बांधली असं छातीठोक सांगायचा. दुसऱ्याची बायको मागं बसली की पदर पाटीवर सोडायची. तो म्हणे, आमच्या घरी आता बायकोला फिरायला नेणं सुरक्षेचं झालं आहे. मी या सगळ्यांना कायदा समजावून सांगायचो. कॅमेऱ्यामुळे शिस्त येते, जीव वाचतात, वगैरे. हे मला खरंच पटलेलं आहे. पण बोलताना डोळ्यांपुढे साडू असायचा, म्हणून आवाज जरा जास्तच चढायचा.

एकदाच त्याला धरलेलं मी पाहिलं. अकोल्यात त्याच्या मागं बसून मी स्टेशनला निघालो होतो. चौकात मामाने शिट्टी मारली. माझं मन इतकं प्रसन्न झालं की मी स्वतःहून खाली उतरलो.

मामा पाटीपुढे उकिडवा बसला. “हे काय लिहिलं?”

“एक्केचाळीस एक्केचाळीस, साहेब.”

“मले त मामा दिसून राहिलं. आमची टिंगल करता का?”

“नाई साहेब. तो द हाय, म नाई. दादा. मामा त तुमी हा!”

मामा हसला. चक्क हसला हो! “पाटी बदला लवकर,” एवढं म्हणून त्याने साडूच्या पाठीवर थाप मारली, आणि मग माझ्याकडे वळून आवाज कडक केला. “अन् काका, तुमचं हेल्मेट कुठी हाय? मांगं बसनाऱ्याले डोस्कं नसते का?”

तो दादा, पोलीस मामा, आणि मी काका. साऱ्या रस्त्यादेखत नाती ठरली.

पोरगी शिकून मोठी झाली आणि तिला नोकरी लागली ती नेमकी अकोल्यात. बियाण्यांच्या एका कंपनीत. खेडोपाडी फिरायचं, शेतकऱ्यांची पिकं पाहायची, नोंदी घ्यायच्या. राहायला मावशीचं घर होतंच. मी म्हटलं, रोज अमरावतीहून ये-जा करता येईल, रेल्वे आहे. बायकोने पोरीची बॅग भरायला घेतली.

शेतातल्या वाटांवर स्कूटी चालत नाही, म्हणून मोटारसायकल शिकणं आलं. स्कूटी तिला मी शिकवली होती. मागं बसून “ब्रेक, ब्रेक, ब्रेक” असं ओरडत. मोटारसायकल तिला साडूने शिकवली. ‘दादा’ पाटीच्या गाडीवर. पंधरा दिवसांनी फोनवर मला म्हणते, “बाबा, दादामावसाजी मांगं बसून गाने म्हनते! मी गाडी बंद पाडली त म्हनते, अवो, गाडीनं दम खाल्ला, तुयी चूक नाई.” मी म्हटलं, छान. फोन ठेवला आणि बायकोला विचारलं, मी कधी गाणी म्हटली नाहीत का? ती म्हणाली, “तुमी ब्रेक म्हनता तेही एका सुरात म्हनता.”

अशात सरकारचा हुकूम निघाला. साऱ्या जुन्या गाड्यांना नवी, एकसारखी, सरकारी पाटी. आकडे ठोकून काढलेले, कोपऱ्यात चमकणारा शिक्का, आणि निघणार नाही अशी पक्की खीळ. पेंटर बाद, पिवळा रंग बाद, दादा बाद. वर्तमानपत्रात ती बातमी मी मोठ्याने वाचली. मग परत वाचली. आमच्या कुटुंबात ती पाटी लावणारा पहिला माणूस मी. लावून झाल्यावर गाडीशेजारी उभा राहून फोटो काढला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, ‘आपण कधी?’ सगळ्यांनी वाचलं. उत्तर एकाचंच आलं, साडूचं. अंगठा.

त्यानंतर सरकार मुदत वाढवत गेलं आणि मी फोन करत गेलो. “साडूभाऊ, पाटीचं काय झालं?” “लावू न भाऊ, काय घाई हाय.” पुन्हा मुदत, पुन्हा फोन. ज्या दिवशी तो म्हणाला की येत्या रविवारी नंबर लागला आहे, त्या रविवारी मी सकाळच्या गाडीने अकोल्याला गेलो. बायकोला सांगितलं, पोरीला भेटून येतो. ती म्हणाली, “पोरीले भेटाले चालले त इस्त्रीचा शर्ट कायले?”

पाटी बसवणाऱ्या पोऱ्याने जुनी पाटी दोन मिनिटांत उखडली. मी साडूचा चेहरा पाहत होतो. तो गंभीर झाला होता, हे मी नाकारत नाही, आणि मला ते बरं वाटलं हेही नाकारत नाही. नवी पांढरी पाटी बसली. एक्केचाळीस एक्केचाळीस. नुसता नंबर. आता आपण दोघं सारखे, असं मला वाटतंय तोच समोरून एक बाई भाजीची पिशवी घेऊन गेल्या.

“काहो दादा, पाटी काढली?”

“हो ना वहिनी. सरकारनं काढाले लावली.”

“काढू द्या! आमाले काय, तुमी त दादाच.”

मी संध्याकाळच्या गाडीने परत आलो. पोरगी स्टेशनवर सोडायला आली होती, नवी पाटी लावलेल्या त्याच गाडीवर, दादामावसाजींच्या मागं बसून. मी रिक्षाने आलो, कारण तिघं बसलो असतो तर चालान झालं असतं. आणि ते त्याला झालं असतं. नंतर गाडीत बसल्यावर ते लक्षात आलं.

पावसाळा संपता संपता पोरीने फोन केला, “बाबा, मी गाडी घेऊन राहिली. स्वतःची. पगारातून.”

मला आनंद झाला. खरोखर झाला. आणि त्या आनंदाच्या मागोमाग पहिला शब्द तोंडातून निघाला तो असा, “सत्तावीसच घेजो.”

बाहेरच्या माणसाला हे कळणार नाही म्हणून सांगतो. गाडीच्या पाटीवर राज्यानंतर जिल्ह्याचा आकडा असतो. अमरावतीचा सत्तावीस, अकोल्याचा तीस. मुंबई-पुण्याच्या माणसाला दोन्ही सारखेच. पण आमच्या घरात सायकलीनंतर जे जे चाकाचं आलं ते सारं सत्तावीस. माझी लुना सत्तावीस, बायकोची स्कूटी सत्तावीस, पोरगी जिच्यावर शिकली तीही सत्तावीस. पोरगी अकोल्यात राहते, मावशीचं जेवते, मावसाजींकडून गाडी शिकते, इथवर माझी तयारी झाली होती. पण तिच्या गाडीवर तीस लागला, की गावोगावचे लोक पाठीमागून पाटी पाहून म्हणणार, अकोल्याची पोरगी दिसते. मग माझ्याकडे उरलं काय?

मी मोहीम उघडली. पोरीला सांगितलं, इथल्या दुकानातून घे, ओळखीचे आहेत. ती म्हणाली, सर्व्हिसिंग अकोल्यात करायचं आहे. मी सांगितलं, अमरावतीत तीस नंबरवाल्याला कोणी रस्ता देत नाही. ती म्हणाली, “बाबा, तुमाले त सत्तावीसवरही नाई देत.” मी सांगितलं, पुढे लग्न झालं, बदली झाली तर सत्तावीस बरा पडतो. या वाक्याला काही अर्थच नव्हता, हे तिच्या आधी मला कळलं.

मी बायकोकडे वळलो. “तू सांग तिले. तुह्यं ऐकते.”

बायको तांदूळ निवडत होती. “काय सांगू?”

“सत्तावीस घे म्हन.”

“अन् तीस लागला त काय बिघडते? अकोला माह्यं माहेर हाय. माह्या माहेरचा नंबर लागला त तुमाले टोचून राहिला का?”

या बाजूने मी विचारच केला नव्हता. मी ताबडतोब म्हटलं, तसं नाही. ती म्हणाली, तसंच हाय. आणि तांदळातला एक खडा असा काही जोरात फेकला की मोहीम तिथेच आटोपली.

साडूने सारी धावपळ केली. दुकान, कागदपत्रं, राहत्या पत्त्यासाठी कंपनीचं पत्र. ग्रुपवर फोटो आला. लाल मोटारसायकल, झेंडूचा हार, बाजूला पोरगी आणि दादामावसाजी. खाली लिहिलेलं, ‘घरात नवी पाहुणी!’ मी फोटो बोटांनी मोठा केला. गाडी मोठी झाली, हार मोठा झाला, शेवटी पाटी आली. तीस. मी दुसऱ्या दिवशी अंगठा दिला. संध्याकाळी बायकोने बहिणीशी फोनवर बोलून बातमी आणली की पोरीने पहिली चक्कर मारली तेव्हा मागं कोण बसलं. नाव सांगायची गरज नाही. मी विचारलंही नव्हतं.

त्यानंतर महिना गेला असेल. दुपारचं जेवण आटोपून मी ऑफिसात बसलो होतो आणि मोबाईलवर संदेश आला. आपल्या वाहनाने वेगमर्यादा ओलांडली, चालान झालं. मी, आणि वेगमर्यादा? नंबर पाहिला तर सुरुवातीला तीस. मी शेजारच्या टेबलवाल्याला दाखवला. तो म्हणाला, “फसवनूक हाय. दाबू नका. माह्या मेव्हन्यानं दाबलं, त्याचा मोबाईल अजून तेलुगूत बोलते.” सारं ऑफिस जमलं. प्रत्येकाने सल्ला दिला. मी संदेश पुसणार, तोच शेवटचे चार आकडे ओळखीचे वाटले. हे आकडे मी बोटांनी मोठे करून पाहिले होते.

बाहेर व्हरांड्यात जाऊन पोरीला फोन लावला.

“अव, तुह्या गाडीचं चालान माह्या मोबाईलवर काहून आलं?”

“आलं का?” ती जरा गडबडली. “बाबा, तो बोरगावजवळचा कॅमेरा नवा हाय, मले माहीतच नव्हता...”

“ते नंतर सांग. माह्या मोबाईलवर काहून आलं?”

“तुमचा नंबर देला न मी. नोंदनीच्या वेळी विचारला, माह्या मोबाईलची बॅटरी गेलती, नवा नंबर मले आठवे नाई. पाठ असलेला नंबर तुमचाच हाय.”

“दादाचा नाई?”

“दादामावसाजीचा कोनाले पाठ हाय, बाबा? त्याहिचा मोबाईलमधी हाय. तुमचा त पहिलीपासून पाठ हाय. हरवली त पोलिसाले सांगाचा म्हनून तुमीच पाठ करून घेतला होता न.”

मी म्हटलं, हो. मग म्हटलं, हळू चालवत जाय. मग पुन्हा हो म्हटलं, कशाला ते आठवत नाही. आत आलो तेव्हा ऑफिसवाले विचारत होते, फसवणूकच होती ना? मी म्हटलं, नाही, माझं आहे.

घरी आल्यावर चालानाचा फोटो उघडला. बायको चष्मा लावून शेजारी बसली. रस्ता, बाजूला कपाशी, आणि मधोमध आमची पोरगी. हेल्मेट नीट, पट्टाही लावलेला, पाठ ताठ, ओढणी कमरेला गुंडाळून बांधलेली.

“किती मस्त आली व माय!” बायको म्हणाली. “दसऱ्याच्या फोटोत अशी नाई आली.”

“मांगं पाय,” मी म्हटलं.

मागं साडू होता. हेल्मेट डोक्यावर होतं, पण एक हात हवेत, तोंड उघडं. बहुधा गाणं चाललं होतं. वेगात, वाऱ्यात, माझ्या पोरीच्या मागं बसून हा माणूस गात चालला होता आणि सरकारने त्याचा फोटो काढून माझ्या मोबाईलवर पाठवला होता. मी तिच्या गाडीवर एकदाही बसलो नव्हतो. चाळीस वर्षांच्या संसारात, म्हणजे चाळीस नाही, पण त्या संध्याकाळी तेवढी वाटली, मला इतका जळफळाट झाला नव्हता. बायकोला कळलं. तिने मोबाईल माझ्या हातातून घेतला, फोटो दोन बोटांनी असा मोठा केला की साडू चौकटीच्या बाहेर गेला, आणि परत दिला. “आता पाहा.”

तेवढ्यात त्याचाच फोन.

“भाऊ, पोरगी चालानाचं बोलली. ते माह्याच्यानं झालं. मीच म्हनलं दाब जराशी, मूर्तिजापूरचा चहा थंडा होते. मी भरून टाकतो.”

“तुमी कायले? पोरगी माही हाय.”

“अवो, पन मांगं बसून मीच घाई केली न. मोबाईलवर उघडलंही म्या, गाडीचा नंबर टाकला. फक्त तुमच्याकडं एक ओटीपी आला असन, तेवढा सांगा.”

मोबाईल कानापासून काढून पाहिला. आला होता. सहा आकडे, ताजे.

“आला का?”

“आला.”

“सांगा न मंग.”

“ओटीपी कोनाले सांगू नये,” मी म्हटलं. “सरकार म्हनते.”

“भाऊ, मी काय चोर हाय का?”

“नातेवाइकालेही सांगू नये, असं लिहिलं हाय.”

“कुठी लिहिलं?”

“असन लिहिलं. साडूभाऊ, हे चालान मी भरनार. माह्या नंबरवर आलं, माह्या पोरीचं हाय.”

“मांगं मी बसलो होतो!”

“ते दिसून राहिलं मले!” मी इतक्या जोरात बोललो की शेजारच्या घरातला टीव्ही कोणीतरी बारीक केला.

दंडासाठी भांडणारी माणसं साऱ्या वऱ्हाडात आम्ही दोघंच असू. त्याने अजून दोनदा ओटीपी मागवला, माझा मोबाईल दोनदा वाजला, दोनदा मी आलेला आकडा पुसून टाकला. मग मी स्वतः भरायला बसलो. मला जमेना, बायकोने भरून दिलं. पावती आली. फोटो मी मोबाईलमध्ये जपून ठेवला, आणि पोरीला फोन करून गाडी सावकाश चालवण्यावर एक भाषण दिलं, त्यातली निम्मी वाक्यं पानठेल्यावरची होती. ती सगळं ऐकून म्हणाली, “चुकलं बाबा. आता नाई जानार त्या वेगानं.” आणि खरंच, त्यानंतर चालान आलं नाही. मी रोज पाहायचो. नाही आलं.

दिवाळीनंतर बायको बहिणीकडे चार दिवस गेली. शनिवारी संध्याकाळी पोरगी कामासाठी अमरावतीला आली, मुक्काम केला, आणि सकाळी म्हणाली, “चला बाबा, तुमीही चला अकोल्याले. मांगं बसा.”

तिने आणलेलं हेल्मेट माझ्या डोक्याला जरा घट्ट होतं. पट्टा तिनेच लावला, लहान मुलाला टोपी घालावी तसा, हनुवटीखाली बोट घालून. मी बसलो. धरायचं कशाला ते कळेना. खांद्याला धरलं. बडनेरा मागं पडलं, कोवळं ऊन कपाशीवर आलं, आणि काटा साठला लागला. साठ म्हणजे माझ्या हिशेबाने विमान. पण भीती वाटत नव्हती. मी तिला दोनदा ब्रेक म्हणालो, पण हळू.

मूर्तिजापूरला चहा घेतला. चहावाल्याने विचारलं, “दादा नाई आले आज?”

“बाबा आले,” पोरगी म्हणाली. चहावाल्याने मला बिस्किटं जास्त दिली, की मलाच तसं वाटलं, कोण जाणे.

पुढे निघालो. बोरगाव यायच्या आधी लांबून पिवळा फलक दिसला, पुढे कॅमेरा आहे सांगणारा. त्याच्या मागं तो उंच खांब. मी हेल्मेटची काच वर केली. पाठ ताठ केली. एक हात खांद्यावरून काढून मांडीवर नीट ठेवला, म्हणजे फोटोत बरा दिसतो.

“दाब जराशी,” मी तिच्या कानाशी म्हटलं.

“काय?”

“जराशी दाब न. थोडीशी.”

“काहून? समोर कॅमेरा हाय बाबा!”

“तेच म्हनतो. दंड मी भरतो.”

तिला कळायला वेळ लागला. मग तिच्या खांद्याला हसण्याचे हिसके बसायला लागले, माझ्या हाताखाली. गाडी तिने आणखी हळू केली, अगदी माझ्यासारखी, चाळीसवर आणली, आणि शिकवल्यासारखी डाव्या बाजूने सरळ नेली. “घरी गेल्यावर काढू न फोटो, बाबा. मावशी काढन.”

“मावशीचा नाई पाह्यजे.”

“मंग?”

“हाच पाह्यजे.”

खांब जवळ आला. मागून एक ट्रक हॉर्न देत आला आणि आम्हाला ओलांडून गेला. कॅमेऱ्याखालून जाताना मी वर पाहिलं, मान उंच करून, हसरा चेहरा करून, जितका वेळ पाहता येईल तितका वेळ.